थोरलीने घातलेले दाणे

आमच्या संस्थेच्या मागच्या अंगाला एक बैठी इमारत आहे. तिला खिडक्या नाहीत, छताला लागून हवेच्या झडपा तेवढ्या आहेत. दारावर ‘प्राणीगृह’ अशी पाटी. त्या दारातून एकवीस वर्षं जी बाई आत-बाहेर करत होती तिला सगळे थोरली म्हणत. ती नोकरीला लागली त्याच दिवशी त्याच नावाची दुसरी एक बाई लागली होती आणि हाक मारली की दोघी उठून येत. म्हणून एक थोरली झाली, एक धाकटी. धाकटी वर्षभरात नोकरी सोडून गेली. थोरली मात्र थोरलीच राहिली. तिचं खरं नाव मला ठाऊक होतं, कारण हजेरीपत्रक माझ्या ताब्यात असे.

मी इथला कार्यालय अधीक्षक. शिक्षण वाणिज्य शाखेचं, त्यामुळे विज्ञानाशी संबंध कागदापुरता. पुढे मेंदूबद्दल जे येईल ते मला ज्यांनी समजावलं त्यांच्या शब्दांत आणि मला उमगलं तेवढंच आहे.

थोरलीचं काम सांगायला सोपं होतं. पांढऱ्या उंदरांचे पिंजरे घासायचे, खालचा भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, खाद्याच्या गोळ्या घालायच्या, मेलेलं जनावर वेगळं काढून नोंद करायची. पण ती पिंजरा उघडण्याआधी झाकणावर दोन बोटांनी टकटक करी. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “भाऊसाहेब, कोणी दार न वाजवता तुमच्या घरात शिरलं तर चालेल का तुम्हाला?” तिच्या हातात जनावर चावत नसे. नव्या संशोधकांना पहिल्या आठवड्यात दोन-तीन चावे ठरलेले. मग ते सुजलेलं बोट घेऊन तिच्याकडे जात आणि उंदीर कसा धरायचा ते शिकून येत. “मानेला आवळू नका. बाळाला अंघोळ घालताना धरतो तसं खालून धरा,” हे तिचं शिकवणं. त्यातल्या निम्म्यांना बाळाला अंघोळ घालण्याचा काही अनुभव नसे, ही गोष्ट वेगळी.

तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून तो कपडे शिवी. कानाने जरा कमी, तोंडाने जास्त. तिच्या डब्याची पिशवी द्यायला कधी आला तर फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगे, “उंदरांच्या आईला बोलवा.” तिची नणंद तेवढ्यावर थांबत नसे. थोरली घरी गेली की ती ओट्यापासून चार पावलं लांब उभी राहून म्हणे, “वहिनी, आधी हात धुवा. नाहीतर आम्हालाही पिंजऱ्यात घालाल.” थोरली हसण्यावारी नेई. एकवीस वर्षं रोज हात धुणाऱ्या बाईला हे ऐकवणं म्हणजे कमालच होती.

गेल्या साली तिची गर्भाची पिशवी काढली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढावी लागली. सात आठवडे ती रजेवर होती. परत आली ती खंगून. हिवाळ्यातसुद्धा पदराने वारा घेई, मधेच घामाने भिजे, बोलता बोलता शब्द विसरे. दवाखान्यातल्या बाईंनी तिला सांगितलं होतं की रोज वाटीभर भिजवून उकडलेलं सोयाबीन खा, या गरम वाफा कमी होतील. ती नेमाने खाई. महिन्या-दोन महिन्यांत तिला बरं वाटू लागलं. “औषध म्हणून खाते, चवीचं काही नाव घेऊ नका,” असं ती हसून सांगे.

ती रजेवर असतानाच संस्थेत एक नवी संशोधक आली होती. अंबाड्यात नेहमी पेन्सिल खोचलेली, म्हणून तिचं नाव पडलं पेन्सिल. तिने तिच्या प्रयोगाची छोटी चाचणी बारा उंदरांवर केली. तिचा निष्कर्ष इतका स्वच्छ आला की त्याच्या जोरावर तिला बाहेरून तीन वर्षांची मंजुरी मिळाली. मोठा प्रयोग सुरू करायचा त्या दिवशी ती एक बंद पाकीट घेऊन माझ्याकडे आली.

“हे तुमच्या कपाटात ठेवा. पहिल्या तुकडीतल्या कोणत्या नंबरच्या उंदराला कोणती नळी त्याची यादी आहे, नळ्या भरणाऱ्याने केलेली. मोजणी संपेपर्यंत मलाही द्यायची नाही.”

“तुमच्याच प्रयोगाची यादी आणि तुम्हालाच नाही?”

“मला कळलं तर डोळे मला हवं तेच बघतील.”

मी पाकिटावर लाख लावली आणि तारीख घातली. हे मला आवडलं. मग तिने मला बसून प्रयोग सांगितला. मेंदूत विचार करणाऱ्या मज्जापेशी असतात, तशा त्यांची उस्तवार करणाऱ्या आधारपेशीही असतात. त्यातल्या काही चांदण्यांसारख्या दिसतात. डोक्याला मार लागला की दुखावलेल्या मज्जापेशींतून एक द्रव्य सांडतं. एरवी ते कामाचं, पण फार सांडलं की शेजारच्या पेशींना विषासारखं. चांदण्या ते शोषून घेतात, उरलेल्यांना जगवणारं काहीतरी पुरवतात. पण कधी कधी त्या स्वतःच फुगतात, बिथरतात आणि दाह वाढवतात. इस्ट्रोजेन हे बायकांच्या अंडाशयातलं संप्रेरक या चांदण्यांवर जाऊन बसलं की त्या बिथरत नाहीत, नीट कामाला लागतात. जखम लहान राहते.

“म्हणजे घरात कर्ता माणूस पडला तर बाकीच्यांनी रडायचं की डॉक्टरला बोलवायचं, तसं?” मी म्हटलं.

“अगदी तसंच नाही,” ती म्हणाली आणि हसली, “पण अहवालात लिहू नका म्हणजे झालं.”

प्रयोग असा होता. अठ्ठेचाळीस माद्या, चोवीस-चोवीसच्या दोन तुकड्या. सगळ्यांची अंडाशयं काढायची. निम्म्यांच्या कातडीखाली इस्ट्रोजेनची बारीक नळी, निम्म्यांच्या रिकामी. काही दिवसांनी भूल देऊन डोक्यावर मोजून वजन पाडायचं. मग अरुंद लाकडी पट्टीवरून त्यांना चालवून तोल बघायचा आणि शेवटी मेंदूचे काप काढून चांदण्या मोजायच्या.

पहिल्या तुकडीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि जनावरं थोरलीच्या ताब्यात आली. पोटाला टाके, अंगावरचे केस भादरलेले, कोपऱ्यात गोळा होऊन बसलेली. थोरलीने पेन्सिलला विचारलं, “यांचं काय काढलं?”

“अंडाशयं.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

दुसऱ्या दिवसापासून थोरलीच्या डब्यात सोयाबीनची एकाऐवजी दोन वाट्या येऊ लागल्या. सकाळी ठरलेल्या पोत्यातलं खाद्य घालून झालं की ती प्रत्येक पिंजऱ्यात आठ-दहा उकडलेले दाणे टाकी. उंदीर ते आधी संपवत. टरफलं उरली तर ती भुशाबरोबर झाडून घेई. बाहेरचं खाणं घालू नये असा नियम भिंतीवर लावलेला होता. पण तिच्या लेखी तो बाहेरून येणाऱ्यांसाठी होता. आजारी जनावराला काहीबाही भरवायची तिची सवय जुनी होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. मलासुद्धा.

पहिल्या तुकडीची जनावरं झटपट सावरली. पेन्सिल वजनाची वही दाखवत म्हणाली, “थोरलीबाई, तुमच्या हाताला गुण आहे. एकही दगावली नाही.” थोरली खूश झाली.

पहिल्या तुकडीची मोजणी संपली, मी पाकीट फोडलं आणि पेन्सिलचा चेहरा पाहता पाहता उतरला. दोन्ही गटांत काही फरकच नव्हता. रिकाम्या नळीचे उंदीरही पट्टीवरून चालत गेले होते. त्यांच्याही जखमा लहान होत्या. मग बारा उंदरांच्या चाचणीत एवढा फरक दिसला तो कुठून?

मोठे साहेब, म्हणजे आमचे संचालक, यांनी त्याचा एकच अर्थ लावला. एक तर हिने आता नळ्यांची अदलाबदल केली, किंवा तेव्हा आकडे बनवले. मंजुरी त्याच आकड्यांवर मिळालेली. त्यांनी तीन जणांची चौकशी समिती नेमली: ते स्वतः, बाहेरचे एक डॉक्टर आणि कागद सांभाळायला मी. आकडे बनवल्याचा शेरा बसला तर पेन्सिलला पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत कोणी उभं करणार नाही, हे सांगायची गरज नव्हती. तिने त्या आठवड्यात जेवणाची सुट्टी घेतली नाही. जिन्यात भेटली तेव्हा मला म्हणाली, “मी तीनतीनदा मोजलंय हो. मला काहीच कळत नाहीये.”

समितीसमोर थोरलीला साक्षीला बोलावलं. किल्ली कोणाकडे असते, पिंजऱ्यांचे नंबर कोणी बदलले का, एवढंच विचारायचं होतं. ती हात पुढे बांधून उभी राहिली आणि नीट उत्तरं दिली. बाहेरच्या डॉक्टरांनी पेन्सिलला विचारलं, “खाद्यात काही बदल?”

“नाही. उलट मी मुद्दाम वेगळं मागवलं होतं, सोयाबीन नसलेलं.”

थोरलीने मान वर केली. “का?”

साक्षीदाराने प्रश्न विचारायचा नसतो. मोठ्या साहेबांनी कपाळाला आठी घातली, पण पेन्सिलने सवयीने उत्तर दिलं. “सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखंच काम करणारं एक द्रव्य असतं. ते पोटात गेलं तर रिकामी नळी रिकामी राहतच नाही.”

मी लिहीत होतो. माझं पेन थांबलं. थोरलीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला तो मी पाहिला. तिला वाटलं असतं तर ती तिथेच बोलली असती. “जाऊ का?” एवढं विचारून गेली.

मी माझ्या खोलीत येऊन खाद्याची फाइल काढली. वर्षापूर्वीचं पेन्सिलचं पत्र त्यात होतं. विषय: वेगळ्या प्रकारचे खाद्य. मी विषय वाचून मागणी नोंदवली होती, ‘पाहिले’ असा शिक्का मारला होता आणि पत्र लावून टाकलं होतं. शेवटची ओळ अशी: ‘या आहाराचे कारण प्राणीगृहातील कर्मचाऱ्यांना कृपया समजावून सांगावे.’ ती मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी वाचली.

थोरलीच्या घरी त्या संध्याकाळी काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. नवरा मशीनवर होता. तिने त्याला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा त्याला ऐकू आलं नाही, दुसऱ्यांदा आलं तेव्हा त्याने पायडल थांबवलं.

“कोणी पाहिलंय तुला घालताना?”

“नाही.”

“मग गप्प बस. नोकरीची थोडी वर्षं राहिली तुझी. शिकलेल्या लोकांची भांडणं आहेत, ते निस्तरतील.”

“अहो, त्या पोरीचं नाव चाललंय.”

“आणि तुझं राहणार आहे होय? आपण काय विष घातलं? खायलाच घातलं ना!”

“तेच तर,” थोरली म्हणाली. “विष घातलं असतं तर लगेच कळलं असतं.”

नणंद आतून म्हणाली, “उंदरांना सोयाबीन! आम्हाला कधी विचारलं नाही हो वहिनी.” त्यावर कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताना ती दाराशी उभी होती. खुर्चीवर बसली नाही. सगळं सांगितलं. कधीपासून, किती दाणे, कोणत्या वेळी. दुसऱ्या तुकडीलाही शस्त्रक्रियेपासून आजतागायत दाणे चालूच होते, हेही सांगितलं.

“चाचणीच्या बारांना?” मी विचारलं.

“तेव्हा मी दवाखान्यात होते की. तेव्हा बदलीवरचा माणूस होता. तो पोत्यातलंसुद्धा मोजून घालायचा.”

मग सगळाच उलगडा झाला. मी तिचा जबाब लिहून घेतला. वाचून दाखवला. तिने सही केली. मग मी तिला ते पत्र दाखवलं आणि शेवटची ओळ वाचली.

“मला सांगितलं असतं तर नसते घातले, भाऊसाहेब.”

“माहीत आहे.”

“मला वाटलं, यांचं नि माझं एकच दुखणं. मला ज्याने बरं वाटलं त्याने यांनाही वाटेल.” मग म्हणाली, “वाटलंच ना?”

मी जबाबाला ते पत्र जोडलं, माझ्या शिक्क्यासकट, आणि चूक माझीही आहे असं वर लिहिलं. समितीने ते पान उलटलं. मोठे साहेब म्हणाले, “अधीक्षकांनी प्रत्येक पत्राची प्रत्येक ओळ वाचावी अशी अपेक्षा कोणी करत नाही.” बाहेरच्या डॉक्टरांनी मान डोलावली. भिंतीवरच्या नियमाची नोंद मात्र त्यांनी दोनदा घेतली. पेन्सिलवरचा आकडे बनवल्याचा संशय पुसला गेला. त्याऐवजी ‘देखरेखीत ढिलाई’ असा शेरा आला. तिची मंजुरी थांबली, कारण प्रयोग मुळापासून पुन्हा करायचा तर दोन वर्षं लागणार होती आणि तिच्या इथल्या नेमणुकीचे आठच महिने उरले होते. विषय दुसऱ्या कोणाला तरी गेला.

राहता राहिली दुसऱ्या तुकडीतली चोवीस जनावरं. त्यांच्या डोक्याला अजून धक्काही लागला नव्हता. पण दाणे खाल्लेली म्हणून ती निकामी. त्याच दिवशी संपवावीत असा आदेश निघाला. तो मीच टंकायला दिला.

ते काम दुपारी दोनला झालं. गॅसची पेटी टेबलावर होती. बदलीवरच्या माणसाने पहिला पिंजरा उघडला, जनावराने त्याला कडकडून चावा घेतला. मग पेन्सिलने थोरलीला बोलावून आणलं. थोरली आधी दारातच थांबली. “मला नका सांगू,” ती म्हणाली, “मी फार तर बाहेर उभी राहते.” मग आतून चिरकण्याचा आवाज आला आणि ती आत गेली. “व्हा बाजूला. घाबरवू नका त्यांना.” तिने चोवीस वेळा झाकणावर टकटक केली, चोवीस वेळा खालून हात घालून जनावर उचललं आणि पेटीत ठेवलं. एकही चावलं नाही. काही तिच्या हाताचा वास घेत होती, दाण्यांच्या आशेने असेल. मी मोजणीसाठी हजर होतो. चोवीस ही संख्या मी चार-चारच्या खुणांनी लिहिली आणि सही केली. तिने पिंजरे घासून पालथे घातले, मगच हात धुतले.

तिची बदली काचसामान धुण्याच्या खोलीत झाली. मोठे साहेब म्हणाले, कामावरून काढत नाही हेच पुष्कळ. प्राणीगृहाची किल्ली तिने माझ्या टेबलावर ठेवली आणि पोचपावती मागितली. एकवीस वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेला तो पहिला कागद. घरी नवरा पंधरा दिवस तिच्याशी धड बोलला नाही. नणंदेचे टोमणे बंद झाले आणि तेच थोरलीला जास्त लागलं. आता ती घरी येऊन हात धुते की नाही, याकडे कोणाचं लक्ष नसे.

पेन्सिल महिनाअखेरीस गेली. रक्त-लघवी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत तिला काम मिळालं होतं. शेवटच्या दिवशी तिच्या खोलीच्या किल्ल्या घ्यायला मी गेलो तेव्हा थोरली तिथे होती, धुतलेल्या काचपट्ट्यांचा ट्रे घेऊन आलेली. पेन्सिल मायक्रोस्कोपवर होती.

“या, बसा इथे,” ती थोरलीला म्हणाली. “एक डोळा मिटा. काय दिसतं?”

थोरली बराच वेळ डोळा लावून बसली. “अंधारात चांदण्या फुटल्यासारखं काहीतरी आहे.”

“मधला डाग म्हणजे जखम. कडेने त्या चांदण्या. बघा, फुगलेल्या नाहीत. हातपाय पसरून आपल्या जागी आहेत. त्यांच्यामधले ठिपके म्हणजे वाचलेल्या मज्जापेशी. ही रिकाम्या नळीची मादी. हिच्या इतक्या वाचायला नको होत्या.”

“मग कशाने वाचल्या?”

“तुमच्या दाण्यांनी. कागदावर मला ते लिहिता येणार नाही. पण दुसरं काही दिसत नाही मला.”

थोरलीने डोळा काढला नाही. “नंबर काय हिचा?”

“सतरा.”

“सतरा नंबर. पहिल्या दिवशी पट्टीवरून दोनदा पडली होती. चौथ्या दिवशी पार पलीकडे गेली, न थांबता.”

“हो. माझ्या वहीत आहे तसं.”

“म्हणजे बरी झाली होती.”

“झाली होती.”

“आणि मग आपण कापली.”

पेन्सिलने अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि उगाच हातात धरून ठेवली. “कापल्याशिवाय आतलं कळत नाही हो, थोरलीबाई.”

“आता कळलं ना?”

मी किल्ल्या मोजून खिशात घातल्या. थोरली उठली, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि म्हणाली, “याचा दिवा चालू ठेवायचा की बंद करू?”

“करा बंद.”

तिला बटण सापडायला वेळ लागला. मग तिने दिवा बंद केला आणि रिकामा ट्रे उचलून धुण्याच्या खोलीकडे गेली.